मोसंबीच्या पानावरची सुरी

जालना स्टेशनच्या बाहेर मासिकांचा जो एकुलता एक ठेला उरलाय, तिथं उभ्या उभ्या पान उलटताना भागवतला धस्स झालं. पान मोसंबीचं होतं. पाटावर आडवी कापलेली मोसंबी, तिच्या फोडींतून आरपार गेलेलं ऊन, शेजारी मिठाची वाटी, आणि पाटाच्या कडेला, रसानं ओली, त्याची सुरी. दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. पात्याची पाठ टोकाकडं जाता जाता जिथं किंचित खाली वाकते, ते वळण त्याच्या हातचं होतं. आपली सही आपण ओळखतो ती काही अक्षरं वाचून नव्हे. आणि मूठ तिफणीच्या लाकडाची. तीर्थपुरीच्या शेतात पूर्वी पेरणीला चालायची ती तिफण ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बाभळीतून त्यानं मोजक्याच मुठी काढल्या होत्या. त्यातल्या एकीला मागच्या टोकाशी किडीनं खाल्ल्याचा काळा डाग होता, तो तासून काढावा की ठेवावा यावर एक अख्खी दुपार घालवून त्यानं तो ठेवला होता. तो डाग फोटोत होता, तिथल्या तिथं. आपलं लग्नाला गेलेलं पोर भलत्याच गावच्या पंगतीत जेवताना दिसावं, तसा भागवत त्या सुरीकडं बघत राहिला.

"काका, घ्यायचं असंल तर घ्या की. बोटं उमटून राह्यली पानावर," ठेलेवाला म्हणाला.

घ्यायचं तर होतंच. दर महिन्याला तो हे मासिक घ्यायचा. पुण्याहून निघणारं, गुळगुळीत कागदाचं, घरातल्या देखण्या वस्तूंचं मासिक. भागवतच्या घरातली एकही वस्तू त्यात शोभली नसती. पण आकांक्षा, त्याची एकुलती एक लेक, तिथं फोटोंची पानं लावायची. कुठला पेला कुठल्या कापडावर ठेवायचा, ऊन कुठून येऊ द्यायचं, हे ती ठरवायची, आणि शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत तिचं नाव यायचं. ते मुंगीएवढं नाव बघायला भागवत स्टेशनापर्यंत पायी यायचा. आज त्यानं शेवटचं पान उघडलंच नाही. मोसंबीच्या फोटोखालच्या ओळी तो पुन्हा पुन्हा वाचत होता. पाट कोकणातल्या अमुक सुताराचा. वाटी तमुक कुंभाराची. खालचं कापड पैठणकडच्या मागावरचं, विणकराच्या नावासकट. मोसंबी घनसावंगीच्या बागेतली, बागवाल्याचंही नाव. नुसती पडून राहिलेली वाटी कुणाची ते सांगितलं होतं, आणि ज्या सुरीनं ती मोसंबी कापली तिच्याबद्दल अक्षर नव्हतं.

रिक्षावाल्यांना हातानंच नको म्हणत तो चालू लागला. बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या, बँकेपुढं वेड्यावाकड्या लावलेल्या मोटरसायकली, सगळं रोजचंच. पण आज त्याला वाटत होतं की आपण काहीतरी लपवून नेतोय. याच रस्त्यावरच्या एका बियाणे कंपनीच्या हापिसात त्यानं उमेदीची वर्षं काढली होती. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा त्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ऐरण मांडली. भावकीत ही बातमी वणव्यासारखी गेली. सात पिढ्यांच्या शेतकऱ्याच्या घरात ऐरण! चुलत्यानं तर तोंडावर विचारलं, "आरं, जमीन काय कमी पडली का तुला, लोखंड कुटायला निघाला?" भागवतनं विषय बदलला होता. त्याला सांगायचं होतं ते लहानपणातलं होतं, आणि पन्नाशीच्या माणसानं लहानपणातलं कारण द्यावं तर लोक हसतात. तीर्थपुरीच्या बाजारात कमरोद्दीनचाचांची भट्टी होती. पेरणीच्या तोंडावर विळे-खुरपी शेवटून घ्यायला, म्हणजे कुटून धारेला आणून घ्यायला, बाप त्याला तिथं पाठवायचा आणि तो तासन् तास परत यायचा नाही. लाल झालेलं पातं चाचा पाण्यात घालायचे तेव्हा जो चर्रर आवाज व्हायचा, त्याला लोहार लोक पाणी पाजणं म्हणतात. लोखंडाला तहान असते, हे पोराला तिथं कळलं. पुढं शाळा, कॉलेज, हापिस, लग्न, सगळं रीतसर झालं. पण हापिसात टेबलाशी बसलेला असताना बाहेर कुणी तापलेल्या रस्त्यावर पाण्याची बादली ओतली, की त्याची मान आपोआप वळायची.

आता ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून तो सुऱ्या करायचा. महिन्याला पाच-सात, फार तर आठ. हाताला जेवढ्या नीट होतील तेवढ्याच. घेणारी माणसं कुठून कुठून फोन करून मागवायची, आणि एकदा सुरी गेली की गेली. ना माणसाची खबर, ना सुरीची. हेच त्याला खात होतं. नाव व्हावं असं वाटायचं, हे तो स्वतःपाशी कबूल करायचा. छापून यावं. भावकीनं वाचावं. पण त्याहून जास्त, आकांक्षानं छापावं. ती साबणावर पानं लावायची, मेणबत्त्यांवर लावायची, एकदा तर नुसत्या पायपुसण्यांवर तिनं चार पानं लावली होती, आणि ती चारही पानं तो चष्मा पुसून पुसून बघत बसला होता. इतकं सगळं पृथ्वीवर आहे, आणि तिच्या बापाच्या हातचं तेवढं नाही. तो बोलला मात्र कधीच नाही. लेकीपाशी असलं मागायचं म्हणजे आपल्याच ताटातलं चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं त्याला.

असं नव्हतं की कुणी फिरकलंच नाही. मागं एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीचा माणूस आला होता. शेडभर फिरला, चहा घेतला, "फेटा बांधता का?" म्हणून विचारलं, भागवतनं नाही म्हटलं तर जरा हिरमुसला. मग सुरी हातात धरून उभं राहायला लावून भाराभर फोटो काढले. रविवार आले नि गेले. शेवटी भागवतनंच लाज गिळून फोन केला, तेव्हा तो बिचारा चाचरत म्हणाला, "काका, साहेब म्हणाले, रविवारी सकाळी चहा पिता पिता हातात सुरी घेतलेला माणूस लोकांना बघवत नाही. सुरीची जागा पहिल्या पानावर असते म्हणाले, आणि तिथं यायची वेळ तुमच्यावर येऊ नये." भागवत तेव्हा मोठ्यानं हसला होता. रात्री जेवण गेलं नव्हतं.

राधेश्यामनं मात्र साखर न घालता सांगितलं होतं. राधेश्याम म्हणजे मोंढ्यातला बियाण्याचा व्यापारी, हापिसाच्या दिवसांपासूनचा दोस्त, जाहिरातीवर ज्याचं अर्धं आयुष्य गेलं. "भागवतराव, सीधी बात हाय," तो म्हणाला होता. "तुमची सुरी एकदा नेली की माणूस मरेपर्यंत दुसरी नेत न्हाई. असल्या मालाची जाहिरात कोन देनार? आन् जाहिरात न्हाई तर मासिकवाला तुमच्याकडं कशाला पाहीन? बरं, समजा छापलं. हजार लोकांनी मागितली तर कुठून द्याल? वाचनाऱ्याला आधी मिठाई दाखवायची आन् मंग दुकान बंद म्हनायचं, शिव्या मासिकवाल्याला पडतात. तुमी वाईट बनवा, लई बनवा, मंग पाहा कसं छापतात." बोलणं बिलकूल खरं होतं. खऱ्या बोलण्यानं माणसाची हौस फिटत नाही, एवढीच अडचण.

शनिमंदिराच्या वळणावर उसाच्या रसाच्या गाड्याशी तो थांबला आणि आडोशाला उभं राहून त्यानं मासिक पुन्हा उघडलं. आता मघाचा धक्का ओसरून डोक्यात हिशेब सुरू झाला होता, आणि हिशेब इतका गोड निघत होता की त्याला आपलीच भीती वाटली. ही सुरी आकांक्षापाशी गेली कशी? त्यानं तर दिली नव्हती. देऊच शकत नव्हता. ती पुण्याला निघाली त्या दिवशी त्यानं जुन्या टॉवेलात गुंडाळून एक सुरी तिच्या बॅगेत घातली होती, आणि उषाबाईनं, त्याच्या बायकोनं, ती मुकाट्यानं बाहेर काढली होती. "लेकीला धारेची वस्तू देत न्हाईत. माया तुटते. तिला लागंल ती तिकडं विकत घेईन." उषाबाई तशी देवभोळी नाही, उपास-तापास तिनं कधीचेच सोडलेत, पण हे एक तिच्या आईनं पाळलं, तिच्या आईच्या आईनं पाळलं. माया तुटायच्या गोष्टीत उगाच कोण परीक्षा घेणार? भागवतनंही घेतली नाही. विकत घेईन. हां, विकत घ्यायला बंदी नव्हती.

मग त्याला बेबीनंदा आठवली. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून एका अनोळखी नंबरावरून निरोप आला होता. फोन नाही, नुसतं लिहिलेलं. नाव बेबीनंदा. "मूठ जुन्या औजाराच्या लाकडाची असेल तर तीच द्या," असं तिनं लिहिलं होतं. तिफणीच्या त्या काळ्या डागाच्या मुठीची सुरी त्यानं तिला पाठवली. काही दिवसांनी राहवेना म्हणून विचारलं, कशी चालते? उत्तर आलं, "रोज हातात असते. दुसरी घ्यावीशी वाटत नाही." एवढंच. पण त्या दोन वाक्यांवर भागवतनं उन्हाळा काढला होता. जगात एक परकी बाई आहे, जिला आपण कोण ते ठाऊक नाही, आपण शेतकरी की लोहार की कंपनीतून निघालेला कारकून, याच्याशी घेणंदेणं नाही, आणि तिच्या हातात आपली सुरी रोज असते. पुढं त्यानं दोनदा लिहिलं, पण निरोप पोचल्याची खूण कधी आलीच नाही. आणि आकांक्षानंही मोबाईल बदलला तो त्याच सुमाराला! परकी बाई औजाराचं लाकूड कशाला मागेल? शेताच्या गोठ्यात तिफणीवर बसून पेरू खाणारी पोरगी मागेल. दुसऱ्याच्या नावानं मागेल, म्हणजे आईचा शब्दही मोडला नाही आणि बापाची धारही घरात आली. आणि मग ती आपल्या पानावर मधोमध ठेवेल, नाव न घालता, फक्त बापाला कळावं अशी.

त्याच्या डोळ्यांपुढची गाडी, उसाची चिपाडं, सगळं क्षणभर पाण्यात गेल्यासारखं झालं. आनंद तर होताच. पण आनंदाच्या बुडाशी काहीतरी टोचत होतं, आणि ते काय आहे ते त्याला बरोबर ठाऊक होतं. बेबीनंदा लेक निघाली, तर परकं माणूस गेलं. अख्ख्या जगातून त्याच्या कामाला आलेली एकच दाद, तीही घरचीच. आपल्याच अंगणातला कोंबडा ऐकून गाव जागं झालं म्हणायचं, त्यातली गत. जाऊ दे, त्यानं स्वतःला सांगितलं. परकं गेलं तर जाऊ दे, लेक आली. तरी घर येईपर्यंत तो त्या न बघितलेल्या बाईला मनातल्या मनात निरोप देत होता, आणि ती जाता जाता मागं वळून बघत होती.

घरी उषाबाई ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. "इतका वेळ? मला वाटलं रेल्वेतच बसून गेल्ते का काय," ती म्हणाली. त्यानं मासिक तिच्यापुढं न धरता आधी फोन काढला. उषाबाईनं एकदा त्याच्याकडं, एकदा मासिकाकडं बघितलं आणि शेंगा फोडणं चालू ठेवलं. नवऱ्याच्या तोंडावरून तिला बरंच कळायचं, विचारायची घाई ती करायची नाही. तो उठून मागं शेडमध्ये गेला. भट्टी थंड होती. ऐरणीवर टेकून त्यानं आकांक्षाला फोन लावला.

"पप्पा, बोला. जेवलात?"

"जेवलो. तुझं मोसंबीचं पान पाह्यलं."

"कसं झालंय? खरं सांगा हं."

"चांगलं झालं." त्यानं हातातलं मासिक ऐरणीवर ठेवलं. "सुरी दिसली त्याच्यात."

"दिसली ना?" आकांक्षा एकदम खुलली. "पप्पा, काय सांगू तुम्हाला, काय सुरी आहे ती! मी आजवर इतक्या वस्तू हाताळल्या, अशी वस्तू नाही बघितली. हातात घेतली की वाटतं, हात आपला आत्ता पुरा झाला. मोसंबी कापली तर एक थेंब फुटला नाही. फोटो काढून झाले तरी मी उगाच कापत बसले होते, सगळे हसले मला. तुमची आठवण आली, खरंच. म्हटलं, पप्पांना दाखवायला पाहिजे."

भागवतनं ऐरणीची कड घट्ट धरली. "कोणाची हाय?"

"आमच्या बेबीनंदाकाकूंची. फोटोंसाठी स्वयंपाक त्याच करतात ना. भांडी, सुरी, सगळं स्वतःचं घेऊन येतात. जीव आहे त्यांचा त्या सुरीवर, मला घासूसुद्धा देत नाहीत."

म्हणजे बेबीनंदा होती. हाडामांसाची होती. असल्या सुऱ्या हौसेनं मागवणारी माणसं पुण्यात मूठभर, आणि मासिकासाठी रांधणारी माणसं त्यांच्यातलीच; गाठ पडायला काही चमत्कार लागत नव्हता. मघाशी वळणावर ज्या परक्या बाईला त्यानं निरोप दिला होता ती परत येऊन समोर उभी राहिली, आणि लेक, जी इतकी जवळ आली होती की तिच्या केसांच्या तेलाचा वास यावा, ती तिथून उठून गेली. दोघी एकाच वेळी त्याच्यापाशी राहणार नव्हत्या, असाच काहीतरी करार असावा. आकांक्षानं सुरी हातात घेतली होती, फिरवून बघितली होती, ऊन कुठून पडावं ते ठरवलं होतं, आणि तिला ओळख पटली नव्हती. तो तिला मोबाईलवर सुऱ्यांचे फोटो पाठवायचा. ती वर केलेला अंगठा पाठवायची. दिवसभर वस्तूच बघणारी पोरगी, तिनं रात्री बापाच्या वस्तू तरी किती डोळे लावून बघाव्यात? त्याला तिचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

"मंग सुरीचं नाव का न्हाई टाकलं? सगळ्याचं टाकलं, वाटीचंबी टाकलं."

"नावच नव्हतं ना तिच्यावर! उलटून पालटून बघितलं मी. पात्यावर नाही, मुठीवर नाही. काकूंनी कुणाकडून तरी मोबाईलवरून मागवली होती, तो फोनच त्यांचा पाण्यात पडला. आता कुणाला विचारायचं? ही कारागीर माणसं नाव का घालत नाहीत, मला कळत नाही. घातलं असतं तर मी छापलं असतं, पप्पा."

भागवतला कमरोद्दीनचाचा आठवले. त्यानं एका हिवाळ्यात आपल्या नावाचा ठसा करून घ्यायचं ठरवलं होतं, आणि तीर्थपुरीला जाऊन चाचांच्या कानावर घातलं होतं. कमरोद्दीनचाचा तेव्हा खाटेला लागले होते. पडल्या पडल्या त्यांनी बोट हलवलं होतं. "नक्को बेटा. जिस चीज से घाव होता, उसपे नाम नै डालते. अच्छा कटा तो कोई याद नै करता, बुरा कटा तो पंचनामे में नाम आता. मेरे बाप ने नै डाला, उनके बाप ने नै डाला." ठसा कधी झालाच नाही. चाचा गेले, आणि त्यांच्यामागं त्यांचा शब्द मोडायचा धीर भागवतला झाला नाही. उषाबाईची आई आणि कमरोद्दीनचे अब्बा, दोन घरची दोन गेलेली माणसं. त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नव्हती, पण भागवतची सुरी त्याच्या लेकीला न देण्याचं काम दोघांनी मिळून पार पाडलं होतं.

"आन् माझं नाव असतं तिच्यावर तर?" त्यानं विचारलं. हसत विचारलं, म्हणजे हसत विचारल्यासारखं.

आकांक्षाही हसली. "तुमचं असतं तर संपादकबाईंनी आधी कापलं असतं. घरच्या माणसाचं काही छापायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. मी एकदा विचारलं होतं, तुमच्याबद्दल." ती जरा अडखळली. "तुम्हाला सांगितलं नाही. वाईट वाटेल म्हणून."

"न्हाई न्हाई. मला काय वाईट वाटायचं?"

"पप्पा, तुम्हीसुद्धा तशी मूठ घालून बघा ना. कुठल्यातरी जुन्या औताच्या लाकडाची आहे म्हणे. मी फोटो पाठवते तुम्हाला जवळून काढून. जमेल तुम्हाला."

"पाठव," भागवत म्हणाला. "पाहून राह्यतो."

फोन ठेवल्यावरही तो तसाच टेकून उभा होता. एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं, की पात्यावर परक्याचं नाव असतं तर तिनं छापलं असतं, बापाचं असतं तर ते कापलं गेलं असतं. लेकीच्या पानावर जायला त्याला एकच वाट होती, नाव नसण्याची, आणि त्या वाटेनं तो जाऊन आला होता. वर ती म्हणाली होती, हात पुरा झाला. हे ऐकायला तो किती वर्षं थांबला होता! आणि ते त्याला सांगताना ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होती. त्याला त्या दुसऱ्याचा हेवा वाटला, सख्ख्या भावाचा वाटावा तसा.

उषाबाई शेंगा भरलेलं सूप घेऊन शेडच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. आत ती कधी यायची नाही. "काय म्हणली?"

"सुरी चांगली हाय म्हणली." त्यानं मासिक उघडून तिच्यापुढं धरलं. ती लांबूनच वाकून बघत राहिली, मग तिनं मान वर केली.

"ही तर तुमची."

"तू कशी ओळखली?"

"आता घ्या! रोज समोर पाहून राह्यले मी." तिनं सूप खाली ठेवलं. "तिला म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

"मंग सांगा की. लावा परत फोन."

"सांगितलं की ती मला चांगलं म्हणंल," भागवत म्हणाला. "आत्ता ती सुरीला म्हणली."

उषाबाईला हे पटलं नाही, पण ती वाद घालत बसली नाही. सूप उचलून ती आत गेली आणि थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज सुरू झाला. फोटो जवळून काढताना आकांक्षाला तो काळा डाग, लहानपणी ती बसायची त्या तिफणीवरचा, दिसेल, असं भागवतला वाटत होतं. दिसेल, ती थांबेल, आणि काही न लिहिता सरळ फोन करेल. सांगायचं नाही हे त्यानं ठरवलं होतं. पण तिनं विचारू नये असं काही ठरवलं नव्हतं. दुपारी एक पातं पाणी पाजायला काढलेलं होतं, कोळसाही भरून ठेवला होता. भट्टीचा पंखा लावला की घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून त्या दिवशी त्यानं भट्टी पेटवली नाही.